ब्लीडिंग हार्टची लागवड : माझा अनुभव

ब्लीडिंग हार्ट म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या आवरणातून लाल फूल डोकावणारा वेल येतो. पण तो क्लेरोडेंड्रम, उष्ण हवेत रमणारा. मी लावले ते झाड अगदी वेगळ्या कुळातले, म्हणजे अफूच्या कुळातले आहे आणि त्याला कडक थंडी लागते. लॅम्प्रोकॅपनॉस स्पेक्टाबिलिस हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव असले, तरी बागकामाच्या जुन्या पुस्तकांत ते डायसेंट्रा म्हणूनच सापडते. सैबेरिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपान हा त्याचा मूळ मुलूख. १८४० च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने ते पूर्वेकडून इंग्लंडमध्ये आणले आणि तेथून ते बागांमध्ये पसरले. थंड हिवाळा, विरळ सावली आणि कुजलेल्या पानांनी भुसभुशीत झालेली माती या तीन गोष्टी जमवल्या, तर या झाडाच्या बाकीच्या मागण्या फार थोड्या आहेत.

कुंडीतले फुललेले रोप घेण्याऐवजी मी शरद ऋतूत सुप्तावस्थेतला गड्डा आणला. त्याच्या मुळ्या गाजराच्या तुकड्यांसारख्या जाड आणि ठिसूळ होत्या, जरा दाब पडला तरी मोडतील अशा. आणि माथ्यावर गुलाबीसर डोळे दिसत होते. जागा निवडली ती सकाळचे कोवळे ऊन येईल, पण दुपारी भिंतीची सावली पडेल अशी. या झाडाला ओलावा हवा असतो, पण साचलेले पाणी मुळीच चालत नाही आणि हिवाळ्यात गड्डा पाण्यात बसला तर तो हमखास कुजतो. म्हणून खड्डा भरपूर रुंद घेऊन मातीत कुजलेल्या पानांचे खत मिसळले आणि जमीन किंचित उंच केली. डोळे मातीखाली तीन ते पाच सेंटीमीटर राहतील एवढ्याच खोलीवर गड्डा ठेवून, मुळ्या सैल पसरवून, माती हातानेच हलकी दाबली. वर पालापाचोळ्याचे आच्छादन दिले आणि हिवाळाभर तिकडे पाहिलेही नाही.

वसंताच्या सुरुवातीला, जमीन पुरती उबदार होण्याआधीच, लालसर जांभळे कोंब वर आले. त्यांची वाढ डोळ्यांदेखत होते आणि नेमकी म्हणूनच उशिराच्या, गोठवणाऱ्या दहिवराची भीती असते. आकाश निरभ्र राहणार असे दिसले की मी संध्याकाळी कोंबांवर रिकामी कुंडी पालथी घालत असे आणि सकाळी काढत असे.

फुलांचा दांडा कमानीसारखा वाकतो आणि त्याच्या खालच्या बाजूने फुले ओळीने लोंबतात. बुडाकडचे फूल आधी उमलते, टोकाकडच्या कळ्या मागून भरत जातात. त्यामुळे एकाच दांड्यावर फुलण्याचे सगळे टप्पे एकाच वेळी पाहायला मिळतात. बाहेरच्या दोन गुलाबी पाकळ्या मिळून हृदयाचा आकार होतो, त्यांची टोके बाहेर वळतात आणि मधून आतल्या पांढऱ्या पाकळ्या थेंबासारख्या खाली येतात. भुंगे खालून आत शिरू पाहतात, आणि ज्यांची जीभ पुरत नाही ते वरूनच पाकळीला भोक पाडून मध चोरतात. फूल हातात घेऊन पाहिले तर ते भोक सहज दिसते.

उन्हाळा वाढला की पाने पिवळी पडून सबंध झाड जमिनीवरून नाहीसे होते. या झाडाचे खरे संगोपन, माझ्या मते, याच काळात असते. झाड वाळले असे समजून पाण्याचा मारा करणे किंवा रिकाम्या जागेत दुसरे काही लावायला खुरपे चालवणे, या दोन्ही गोष्टी आतल्या गड्ड्याच्या जिवावर बेततात. मी शेजारी एक खुंटी रोवून ठेवली, पाने आपोआप वाळू दिली आणि मगच कापली. पडलेली पोकळी होस्टा हे सावलीत वाढणारे रुंद पानांचे झाड आणि नेचे भरून काढतात, कारण त्यांची पाने पसरतात ती नेमकी याच सुमारास. ज्यांना ही रिकामी जागा सहनच होत नाही, त्यांनी डायसेंट्रा एक्झिमिया हा उत्तर अमेरिकेतला ठेंगणा भाऊबंद लावावा; तो पुष्कळ जास्त काळ फुलतो, पण त्याच्या फुलांना या फुलांचा डौल नाही.

झाड चांगले मुरल्यावर मी शरदातच त्याचे विभाजन केले. गड्डा दुरून खणून उचलला, माती पाण्याने धुऊन काढली म्हणजे डोळे स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येक भागाला डोळे व मुळ्या दोन्ही राहतील असे धारदार सुरीने काप दिले. हातमोजे घातले होते, कारण या झाडाचे सगळे भाग विषारी असून रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. बियांपासूनही रोपे होतात, पण बी ताजेच पेरावे लागते आणि उगवायला आधी उबदार व नंतर थंड काळ जावा लागतो. काळ्या चकचकीत बीला एक पांढरा मांसल तुकडा चिकटलेला असतो, त्याच्या लोभाने मुंग्या ते ओढून नेतात. माझ्या वाफ्यापासून दूर, फरशीच्या फटीत उगवलेले रोप बहुधा त्यांचेच काम असावे. ते मी अजून हलवलेले नाही. पाने वाळली की फरशी उचलून गड्डा काढणार आहे.