यात बसायचंय का?

मंगळवार, रात्री उशिरा

काकू माप घेत होत्या. टेप माझ्या कमरेभोवती, ओठांत दोन टाचण्या, त्यामुळे शब्द दातांच्या फटीतूनच आले. "यात बसायचंय का गं, की नुसतं उभं राहायचंय?"

मी म्हटलं, "दोन्ही."

म्हणताना खोटं वाटलं नव्हतं. जिना उतरताना वाटायला लागलं आणि घरी येईपर्यंत त्या एका प्रश्नाने पार बेचैन करून टाकलं. आता साडेबारा वाजलेत. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

गेले तीन महिने तो ड्रेस माझ्या डोक्यात आहे आणि मी त्यात एकदाही बसलेली नाही. मनातल्या मनात मी नेहमी उभी असते. दारातून आत येते, थांबते, मान किंचित डावीकडे, एक पाय जरासा पुढे. लोक बघतात. तेवढंच. त्यापुढे काही दिसतच नाही मला. तीस तारखेचा कार्यक्रम चांगला चार तासांचा आहे, त्यातले साडेतीन तास खुर्चीत जाणार, आणि मी एवढे दिवस दारातल्या त्या अर्ध्या मिनिटाचा ड्रेस शिवून घेत होते.

काकूंना मी हॉलिवूडच्या ग्रेस केली या नटीचा फोटो दाखवला होता. १९५५ ची ऑस्करची रात्र. वेशभूषाकार एडिथ हेडने तिच्यासाठी केलेला फिकट निळ्या सॅटिनचा गाऊन, खांद्यावर दोरीएवढे बारीक पट्टे, कमरेपाशी अलगद आवळून खाली सोडलेलं कापड, पायघोळ. तो निळाही असा की निळा म्हणावा तर हिरव्याची झाक, हिरवा म्हणावा तर बर्फासारखा गार. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होते. आईच्या कपाटाला आतून जो आरसा होता ना, त्यासमोर ओढणी खांद्यावरून सोडून मी तशी उभी राहायचे. आईने एकदा पाहिलं होतं. काही बोलली नाही. ते असो.

तेव्हाही उभीच राहायचे.

काकूंनी फोटो मोठा करून बघितला, शिवणी शोधल्या, टक्स कुठे घेतलेत ते शोधलं. माझी नजर तिच्या मानेवर असते आणि त्यांची काखेतल्या जोडावर. आणि मग तो प्रश्न आला. त्यांच्या दृष्टीने तो कापडाचाच प्रश्न होता, हे मला कळतं. बसलं की मांड्या पसरतात, पोटावर घडी पडते, सॅटिनवर चुरगळ्या उमटतात त्या उठल्यावरही जात नाहीत. त्यांना फक्त किती सैल ठेवायचं ते हवं होतं. मला मात्र कुणीतरी चोरी पकडल्यासारखं झालं.

कारण लोकांनी मला बघावं असं मला हवं आहे. हे लिहायला पाच मिनिटं लागली. मला कुणीतरी थांबून बघायला हवं आहे. त्या दोन वर्षांनंतर मी कुठेही गेले की लोक आधी तब्येत विचारतात, आणि विचारताना त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर क्षणभर टेकून घाईने बाजूला होतात. किती काळजीने विचारतात, मला दिसतं ते. पण ते बघणं वेगळं.

ताईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, कार्यक्रम तुझा नाहीये, एवढं काय त्यात." बरोबर आहे तिचं. कार्यक्रम माझा नाही. मग माझा कुठला? जाऊ दे, हे मला आज लिहायचंच नाही.

बुधवार

सकाळपासून तेच. भांडी घासतानाही तोच प्रश्न. दुपारी फोनमधला तो फोल्डर उघडला. "आवडलेलं" असं नाव दिलंय त्याला, कित्येक वर्षांचा साठा आहे. ४१२ फोटो. एकेक सरकवत गेले आणि फक्त एवढंच बघितलं की बाई उभी आहे की बसलेली.

जवळजवळ सगळ्या उभ्या. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या त्या २४ पायऱ्यांवर उभ्या, न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याच्या जिन्यावर उभ्या, ऑस्करच्या गालिच्यावर उभ्या. पाठमोऱ्या वळून बघणाऱ्यासुद्धा उभ्याच. एवढी वर्षं मी फोटो साठवले आणि हे लक्षात आलं नाही.

मग यांतल्या किती जणींना बसता येत होतं, हे आठवायला लागले. २०१९ च्या मेट गालाला किम कर्दाशियनने म्यूग्लर या डिझायनरचा तो ओलेता दिसणारा ड्रेस घातला होता. पाण्यातून नुकतीच बाहेर आली आहे आणि अंगावरून थेंब ओघळताहेत, असे खडे लावलेले. आतल्या कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटमुळे आपल्याला जेमतेम अर्धवटच बसता येईल, असं तिने स्वतःच सांगितलं होतं. २०२४ ला टायला ही गायिका आली ती बाल्मँ या फॅशन कंपनीच्या वाळूच्या गाऊनमध्ये. तिच्या अंगाच्या साच्यावर वाळू बसवलेली, हातात वाळूचं घड्याळ. इतका सुंदर की मी तो फोटो दोनदा सेव्ह केला होता, आज लक्षात आलं. पण त्यात तिला पायरीही चढता येईना, लोकांनी उचलून वर नेलं. नंतर डिझायनरने स्वतः कात्री घेऊन तो गुडघ्यांच्या वर कापून टाकला, तेव्हा तिचे पाय मोकळे झाले.

ते कापणं मी व्हिडिओत पाहिलं होतं, आणि तेव्हा मला वाईट वाटलं होतं. कुणासाठी? ड्रेससाठी. आज पुन्हा पाहिलं आणि थोडी लाज वाटली. तिच्या पायांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

मग रडू आलं, कशाचं ते नीट सांगता येणार नाही. असं वाटलं की मी आयुष्यभर चुकीच्या गोष्टीकडे बघत आले. त्या बायकांमागे माणसांचा ताफा असतो: कुणी वाफेची इस्त्री फिरवतं, कुणी दुहेरी चिकटपट्टीने गळा छातीला चिकटवतं, कुणी गाडीतून उतरताना घेर सावरतं, आणि दागिने तर बहुतेकदा रात्रीपुरते उसने आणलेले. माझ्याकडे काकू आहेत आणि आरसा आहे. तो आरसाही अर्धाच, कमरेखालचं बघायला स्टुलावर चढावं लागतं. कुणाशी बरोबरी करत होते मी?

चहा केला. थंड झाला. पुन्हा फोल्डर.

४१२ मधले पाच फोटो बसलेल्या बायकांचे निघाले. चार असेच, समारंभात टाळ्या वाजवतानाचे. पाचवा अभिनेत्री फे डनअवेचा. २९ मार्च १९७७ ची सकाळ, बेव्हर्ली हिल्स हॉटेलचा पोहण्याचा तलाव. आदल्या रात्री तिला ऑस्कर मिळालंय. टेरी ओ'नील या छायाचित्रकाराला बाहुली उंचावून हसणाऱ्या नटीचा नेहमीचा फोटो नको होता, दुसऱ्या दिवशीची सकाळ हवी होती. म्हणून ती अशी: अंगात सॅटिनचा झगा, पायांत उंच टाचा, खुर्चीत रेललेली, पायांशी वर्तमानपत्रं पसरलेली, टेबलावर न्याहारीच्या भांड्यांमध्ये ती सोनेरी बाहुली. आनंद म्हणावा तर चेहऱ्यावर तो नाही. थकवा आहे, पण तेवढाच नाही. सॅटिनला सगळीकडे चुरगळ्या पडल्यात आणि त्या चुरगळ्यांवरच सकाळचा उजेड थांबलाय.

मी हा फोटो का साठवला होता? तो माझ्या सगळ्यांत आवडत्या दहांपैकी एक आहे. आणि ती बसलेली आहे हे मला दिसलंच नव्हतं. मला वाटायचं की मला तिचं सॅटिन आवडतं.

बराच वेळ त्याच फोटोवर थांबले. कुणीतरी थांबून बघावं असं मला हवंय म्हणते, आणि मी स्वतः जिच्यापाशी थांबते ती अशी आहे. पोक काढलेली म्हणणार नाही, पण सावरून बसलेली तर अजिबात नाही.

त्यावरून अभिनेत्री शॅरन स्टोन आठवली. १९९८ च्या ऑस्करला लांबलचक फिकट जांभळा, व्हेरा वँग या डिझायनरचा स्कर्ट आणि वर गॅपच्या दुकानातला साधा पांढरा शर्ट, तोही नवऱ्याचा, कॉलर उभी, बाह्या दुमडलेल्या. शर्टात माणूस बसतो, हात वर करतो, कुणाला मिठी मारतो. आणि अभिनेत्री रीटा मोरेनो! १९६२ ला ऑस्कर घेताना जो काळा-सोनेरी गाऊन घातला होता तोच तिने २०१८ ला पुन्हा घातला, ८६ व्या वर्षी. मनिलाच्या पिटॉय मोरेनो या डिझायनरने शिवलेला, किमोनोच्या कमरपट्ट्याला वापरतात त्या जरीच्या कापडाचा. वरचा भाग काढून गळा मोकळा केला, घेर मात्र तोच. ५६ वर्षांनी तो तिच्या अंगावर बसला, याचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला त्यातल्या बदललेल्या गळ्याचं जास्त वाटतं. तिने त्याला कात्री लावली. जपून ठेवलेल्या वस्तूला कात्री लावायला छाती लागते.

रात्री काकूंना फोन केला. "काकू, कापड कापलंत का हो?"

"नाही अजून. का गं?"

"उद्या येते."

गुरुवार

काकूंना सरळ सांगितलं की परवा मी खोटं बोलले. मला त्यात उभं राहायचं होतं. आता बसायचंही आहे.

त्यांना यात विशेष काही वाटलं नाही. म्हणाल्या, "मग उरेब घेऊ, तिरकं कापून. कापड जास्त जाईल, पण ते अंगाबरोबर वळेल. सरळ कापलं तर बसताना मांडीवर ताणतं." आणि मग मला स्टुलावर बसवलं आणि पुन्हा माप घेतलं. बसलेल्या माणसाचं माप घेतात हे मला माहीतच नव्हतं. टेप पुन्हा नितंबांभोवती. उभी असताना ३९ इंच भरलं होतं, बसल्यावर ४१ च्या जरा पुढे. वहीत त्यांनी दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक. मी ते बराच वेळ बघत होते. दोन्ही माझेच.

"माया किती ठेवू?" त्यांनी विचारलं. शिवणीत आत राखून ठेवतात ते कापड, पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करायला. तीन महिन्यांपूर्वी मी म्हटलं असतं, अजिबात नको, जाड दिसेल. आज म्हटलं, तुमच्या हिशेबाने ठेवा. त्यांनी दीड इंच लिहिलं.

पट्टे मात्र तेवढेच बारीक हवेत, हे मी हट्टाने सांगितलं. लांबीही जमिनीपर्यंतच. आणि कमरेपाशी ते आवळणं डावीकडेच. काकू म्हणाल्या, "म्हणजे दारात उभं राहायचंय ते राहायचंच आहे."

"हो," म्हटलं. "राहायचंच आहे."

हे बोलताना लाज वाटली नाही. मंगळवारी रात्री जे लिहायला पाच मिनिटं लागली होती, ते काकूंसमोर एका शब्दात निघालं. ते अर्धं मिनिट मला अजून हवंय. फक्त त्यानंतरच्या साडेतीन तासांत मला श्वासही घ्यायचाय, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे वळून बोलायचंय, आणि ताई आलीच तर तिच्या खांद्यावर डोकंही टेकायचंय. तिला हे सांगणार नाही.

माझ्यासमोरच काकूंनी कापड टेबलावर तिरकं पसरलं, खडूने रेघ मारली आणि कात्री लावली. सॅटिनवर कात्रीचा आवाज फार कमी येतो. भाग कापून झाले की तात्पुरते टाके घालून ते टांगून ठेवायचे आहेत. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, कुठे जास्त, कुठे कमी. ते पूर्ण उतरल्याशिवाय खालची दुमड घालायची नाही, नाहीतर चार दिवसांत कडा वेडीवाकडी होते. दोन दिवस तरी, म्हणाल्या.

निघताना बघितलं. खिडकीपाशी दांडीला ते निळं लोंबत होतं, अजून बिनपट्ट्यांचं, बिनगळ्याचं, खालून कच्चं. शनिवारी बोलावलंय.