नाही, तुमच्या मुलांना लागणार नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत लिफ्टमध्ये, गच्चीवर माझ्या मांजरीबद्दल, मनीबद्दल, प्रश्न एकच: "काकू, मनीच्या पायांना हे काय झालंय? आमच्या मुलांना लागेल का?"

नाही लागणार. गजकर्ण मांजराकडून माणसाला होतं, त्यामुळे भीती रास्त आहे. आमच्या डॉक्टरांनीही आधी बुरशीच तपासली. पण मनीचा आजार जन्मजात आहे, एपिडर्मोलायसिस बुलोसा. वरची कातडी आतल्या थराला धरून ठेवणारी प्रथिनं असतात, साडीचा फॉल धरणाऱ्या टाक्यांसारखी. तिचे टाकेच कच्चे. जरा घासलं की थर सुटतो. माणसांतही हा आजार याच नावाने आहे.

फोड मात्र तुम्हाला सहसा दिसायचे नाहीत. ते लगेच फुटतात आणि उरतात त्या जखमा, पंजांच्या गाद्यांवर, हिरड्यांवर, जिभेवर. नख्या अख्ख्या गळतात. मनीची एक सोफ्याच्या कापडातच अडकून राहिली होती. कातडीचा तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. पेम्फिगस नावाच्या आजारातही नखांभोवती जखमा होतात, पण तिथे शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटलेलं असतं आणि स्टेरॉइडचा उपयोग होतो. मनीच्या आजारावर असं औषध नाही. मऊ खाणं, मऊ अंथरूण, जखमांची निगा, बस.

आणि कृपा करून डेटॉल सुचवू नका! तसली फिनॉलवर्गीय द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि मांजर जखम चाटणारच. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

खरं तर विचारायला हवं ते पार्किंगमधल्या तिच्या भावंडांबद्दल. हा दोष बहुतेकदा आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. ते दोघं धडधाकट असतात आणि प्रत्येक पिल्लाला धोका 4 त 1. निरोगी दिसणाऱ्या भावंडांतही 3 पैकी 2 वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण दोष पुढे देऊ शकणारी, असण्याची शक्यता. पार्किंगमधली मांजरं तर सगळी एकमेकांची नातेवाईक. वाहकाला वाहक भेटायला कितीसा वेळ?

म्हणून प्रत्येक सभेत मी नसबंदीचा विषय काढते. वर्गणी नको, पिंजऱ्याची सोय मी केली आहे. फक्त पकडायच्या आदल्या रात्री त्यांना दूध-मासे घालू नका. भरल्या पोटी मांजर पिंजऱ्यात शिरत नाही.