आरपीएमचा काटा वरखाली होत असेल तर ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी हे वाचा (माझा अनुभव)

ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते मोजणारा) चांगला होता. हे मला सगळ्यात आधी लिहायचंय, कारण तो बदलण्यात माझे पैसेही गेले आणि तीन आठवडेही, आणि शेवटी दोष निघाला तो वीतभर रबरी पाइपात.

गाडी २००६ ची, पेट्रोल, केबलवाला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप). सकाळी थंड असताना मस्त सुरू व्हायची, पण एकदा गरम झाली आणि सिग्नलला थांबले की काटा ६०० वर, मग १२००, परत ६००, असं सारखं हेलकावे खाणं चालायचं, आणि एसी लावला असेल तर कधी कधी बंदच पडायची. चालत्या गाडीत काहीच तक्रार नाही, पिकअप ठीक. सुरुवातीचं सगळं पटापट उरकलं: प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडल म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असणं, ते सांभाळणारा) काढून साफ केले. दोन दिवस बरं वाटलं आणि मग परत तेच, वर चेक इंजिनचा दिवा लागला.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. मेकॅनिकने स्क्रीन बघितली आणि लगेच सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. मी विचारलं कशावरून, तर म्हणे हा कोड त्याचाच. मी ऐकलं आणि बदलून घेतला. कोड पुसला, दिवा गेला, चौथ्या दिवशी परत आला, आणि काटा तर मधल्या काळात एक दिवसही शांत नव्हता. परत गेले तर म्हणाले जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच, आणि माझ्यासमोर थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली. याचा मला अजूनही राग येतो. इंजेक्शनच्या गाडीत तो स्क्रू रेस सेट करायला नसतोच! तो हलला की थ्रॉटल पूर्ण बंद झालाय हे पोझिशन सेन्सरकडून ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) नीट कळत नाही आणि मग तो आयडल सांभाळायचं कामच धड करत नाही. कोणी स्क्रूला हात लावत असेल तर तिथेच थांबवा, नाहीतर आधी किती होता त्याची खूण तरी करून घ्या. मला नंतर तो परत जागेवर आणायला अख्खी दुपार गेली.

मग घरी बसून आधी पी०१७१ म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. पेट्रोल इंजिनाला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, वजनात. ऑक्सिजन सेन्सर फक्त सांगतोय की हवा जास्त झाली, आणि माझ्या गाडीत ती खरंच जास्त होती! म्हणजे जो खरं सांगत होता त्यालाच आपण काढून टाकला.

एक साधा ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) घेतला, मोबाइलवर लाइव्ह डेटा दिसतो. (अरे हो, कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा, कोड लागला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, हे त्यात असतं आणि कोड पुसला की तेही जातं. माझं गॅरेजनेच पुसलं होतं.) बघायचं ते फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय ते. पाच-सहा टक्के इकडेतिकडे काही नाही. माझा लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने बऱ्याच काळात शिकलेला) आयडलला +१९, आणि २५०० आरपीएमला धरून ठेवलं की +४. हा फरक पाहिला आणि मी गाडीत एकटीच जोरात "हवा!" म्हणाले. कारण आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात आणि इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, त्यामुळे एअरफ्लो सेन्सरला (आत येणारी हवा मोजणाऱ्याला) चुकवून बारीकशा भेगेतून आलेली हवासुद्धा त्यात मोठा हिस्सा होते. रेस वाढली की तीच हवा बाकीच्या हवेत किरकोळ ठरते. उलट असेल, म्हणजे आयडलला ट्रिम ठीक आणि लोडवर वाढतोय, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे बघा. सकाळी थंड असताना त्रास का नाही तेही आता कळलं, थंड इंजिनाला ईसीयू मुळातच जास्त पेट्रोल देतो त्यामुळे लीनपणा झाकला जातो.

आता हवा कुठून शिरतेय ते शोधायचं, आणि इथे मी खरी अडकले. चालू इंजिनवर मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती, इंजेक्टरच्या बुडाशी स्प्रे बाटलीने थोडं थोडं पाणी मारून बघितलं (कार्ब क्लीनर पण मारतात, पण गरम एक्झॉस्टजवळ तो पेट घेऊ शकतो, मी नाही मारला), आवाजात काडीचा फरक नाही. मग रबरी पाइप एकेक करून कापड गुंडाळलेल्या पक्कडने हळूच दाबून बघायला सुरुवात केली. ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्याचा) दाबला, काही नाही. पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ मॅनिफोल्डकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) दाबला, व्हॉल्व्हजवळ, जिथे हात सहज पोचतो तिथे, काही नाही. मी तो यादीतून काढून टाकला आणि चार दिवस बाकी सगळीकडे शोधत बसले, गॅस्केट मागवायच्या बेतात होते.

पाचव्या दिवशी डोक्यात आलं की भेग जर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मध्ये असेल तर व्हॉल्व्हच्या टोकाला दाबून काय उपयोग, हवा भेगेतून मॅनिफोल्डमध्ये जातच राहणार. दाबायला पाहिजे मॅनिफोल्डच्या टोकाला. तिथे हात घालणं अवघड, पाइप मॅनिफोल्डच्या खालून वळसा घेतो, बोटं सोलून निघाली, पण दाबला आणि इंजिनचा आवाज तिथल्या तिथे बदलला, काटा ७५० वर येऊन थांबला. सोडला की परत नाचायला लागला. पाच वेळा करून बघितलं. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हा झाला होता की नाही आठवत नाही.

पाइप बाहेर काढला तर वळणाच्या खालच्या बाजूला नखाएवढी भेग, वरून बघितलं तर पाइप नवाकोरा. ऑइलच्या वाफेने रबर आतून फुगून मऊ पडलेलं, गरम झालं की भेग उघडत असणार. पाण्याचा फवारा तिथे कधी पोचलाच नव्हता. पाइप दाबताना मात्र जपून, वाळलेलं जुनं रबर तिथेच तडकतं. आणि हात पोचतच नसेल तर स्मोक टेस्ट करून घ्या, मॅनिफोल्डमध्ये धूर सोडतात आणि भेगेतून तो बाहेर दिसतो. मी दोनदा मागितली होती, गरज नाही म्हणाले.

नवा पाइप घेताना कूलंटचा तुकडा कापून लावू नका, तो ऑइलला टिकत नाही आणि व्हॅक्यूमने आत चेपतो, ऑइल आणि व्हॅक्यूम दोन्ही सोसणाराच घ्या. मग कोड पुसला, ईसीयूने आयडल नव्याने शिकावं म्हणून एसी-दिवे सगळं बंद ठेवून दहा मिनिटं आयडलला चालवली, परत दहा मिनिटं एसी लावून (हे माझ्या गाडीचं, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असू शकतं). आठवड्याने लाँग टर्म ट्रिम +२.

ब्रेक बूस्टरची परीक्षा सांगायची राहिली, ती फुकट आहे आणि कुठलाही पाना न लागता होते: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, शेवटी पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, किंवा ब्रेक दाबल्यावर सूं असा आवाज येऊन आयडल बदललं, तर तुमची हवा तिथून शिरत असू शकते.