‘सोय आहे’ या उत्तरानंतरचे प्रश्न

मला लहानपणी पोलिओ झाला. घरात आणि शाळेत शिकवताना मी कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) व कुबडी यांवर वावरते. दिवसभराच्या पायपिटीसाठी मात्र व्हीलचेअर लागते. माझ्या बारा वर्षांच्या भाचीला सीलिॲक आहे, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि ते आयुष्यभर पूर्णपणे टाळणे एवढाच त्यावर उपाय आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीहून एका थीम पार्कला गेलो, तेव्हा घरच्यांना उंच पाळण्यांची धास्ती होती. मला धास्ती होती ती फोनवर मिळालेल्या ‘हो ताई, सगळी सोय आहे’ या उत्तराची.

सोय होती, म्हणजे प्रवेशद्वारापाशी उत्तम उतार होता. परंतु बहुतेक राइडमध्ये खुर्चीवरून आसनावर स्वतः किंवा सोबतच्या माणसाच्या मदतीने सरकावे लागते. राइड मध्येच बंद पडली तर जिन्याने उतरण्याचीही वेळ येऊ शकते, त्यामुळे काही ठिकाणी मला नकार मिळाला आणि तो मी मान्य केला. केवळ व्हीलचेअर पाहून दिलेला नकार मी मान्य करत नाही, आणि या दोन नकारांतला फरक कारण विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून आसन किती उंच आहे, फलाट आणि आसन यांत पायरी आहे का, धरायला दांडा आहे का, हे आता मी आधीच विचारते. पाण्याच्या राइडसाठी कॅलिपर काढावा लागतो. तो काढल्यानंतरची चार पावले कशी टाकायची, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात झाडू आणि बादल्या ठेवलेल्या होत्या. (2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा खासगी सेवांनाही लागू आहे, हे त्या बादल्यांना कोण सांगणार!)

खरी कसोटी जेवणाची होती. कोकणात राहिल्यामुळे भाचीचे घरी फारसे अडत नाही, कारण घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक हे सारे तिला चालते. केवळ तळलेल्या मासळीला आम्ही रव्याऐवजी तांदळाचे पीठ लावतो. बाहेर मात्र ‘गहू नको’ याचा अर्थ ‘चपाती नको’ एवढाच घेतला जातो. तिथल्या आचाऱ्यांनी अगदी मायेने चपाती बाजूला ठेवून वरणभात वाढला. फोडणीत कोणता हिंग घातला, असे मी विचारल्यावर त्यांनी डबी आणून दाखवली, तर घटकांच्या यादीत मैदा होता. बाजारातला बांधानी हिंग बहुधा असाच मैदा मिसळून केलेला असतो. बटाट्याच्या फ्राइज ज्या तेलात तळत होते, त्याच तेलात समोसेही तळले जात होते. त्या गृहस्थांचा यात हलगर्जीपणा नव्हता. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी स्वच्छ धुतलेल्या ताटात साधा भात आणि दही दिले, आणि वेगळा चमचाही आठवणीने ठेवला.

उरलेले पोट आमच्या डब्याने भरले. अशा ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ई-मेलवर लेखी परवानगी आधीच घेतली होती आणि तिची छापील प्रत सोबत ठेवली होती. दारावरच्या रखवालदाराने ती दोनदा वाचली, तरी तांदळाची भाकरी, लसूण-खोबऱ्याची चटणी आणि नाचणीचे लाडू आत गेले. पाकीटबंद खाऊ घेताना मात्र ‘ग्लूटेनमुक्त’ हे शब्द पाहावेत. आपल्याकडील नियमांनुसार तो दावा करण्यासाठी ग्लूटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते.

येत्या मे महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याला राहायला जाणार आहोत. कोरड्या वाळूत व्हीलचेअरची चाके रुततात, ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर ती बरी चालतात, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच दिवस ठरवला. निवासाच्या मालकांना फोन केला, तेव्हा तेही म्हणाले, ‘सोय आहे.’ दारात पायऱ्या किती, असे विचारताच क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘मोजून सांगतो.’ तासाभराने त्यांचा फोन आला: जांभ्याच्या तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही, पण रुंद फळी टाकून ठेवता येईल. फळी किती लांब हवी, हे त्यांनीच मला विचारले.