बोरन्हाण झालं, मग मुलं खाली बसली

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

आज आमच्या बालवाडीच्या वर्गातलं बोरन्हाण झालं. घरी येऊन अंबाडा सोडला तर चार-पाच चुरमुरे खाली पडले. आधी लिहायला बसले, चहा नंतर.

थंडीचे हे दोन महिने मला वर्षात सगळ्यात जास्त आवडतात. सकाळी रंकाळा तलावावर धुकं असतं, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागं रिक्षामामा अडकतात, आणि मुलं कानटोप्या घालून, गाल उललेली अशी वर्गात येतात. थंडीतला पहिला अर्धा तास स्वेटर काढण्यात जातो. पूर्वी मी आणि मावशी भराभरा बटणं सोडायचो. यंदा ठरवलं की ज्याचं त्यानं सोडायचं, वेळ लागू दे. नोव्हेंबरात रडारड झाली. आता बारीक काजातलं बटण दोन बोटांनी ढकलताना जीभ बाहेर काढून बसलेली मुलं बघितली की वाटतं, पुढं पेन्सिल धरायची तयारी इथंच चाललीय.

नाताळला कागदी झाड केलं, कापूस चिकटवला. वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलाच्या आईनं डबाभर करंज्या पाठवल्या. त्यांच्याकडं नाताळला फराळ करतात. "दिवाळी परत आली?" असं एकीनं विचारलं आणि सगळ्यांनी होकार दिला.

पण मला लिहायचंय ते बोरन्हाणाचं.

गेल्या वर्षी आम्ही थाटात केलं होतं. काळी झबली, हलव्याचे मुकुट, हार, बाजूबंद, पालकांची गर्दी. मुलांच्या मानेला हलवा टोचत होता. "टोचतंय ओ बाई" म्हणत एकजण हार ओढत राहिला आणि तुटलेल्या हारातला दाणा त्यानं नाकात घातला. शिंक आली, दाणा बाहेर पडला. पण तेवढ्या दोन-तीन मिनिटांत माझे हातपाय गार पडले होते. शेंगदाणे, हरभरे, गोळ्या, बोरं असं सगळं आम्हीच तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांच्या डोक्यावरून ओतलं होतं. या वयात मुलांना कडक दाणे नीट चावता येत नाहीत. अख्खा शेंगदाणा घशात अडकायला वेळ लागत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी सण म्हणून मी डोळेझाक केली. ती चूक माझी होती.

म्हणून यंदा डिसेंबरातच पालकसभेत सांगितलं की दागिने नाहीत, दाणे नाहीत, गोळ्या नाहीत. चुरमुरे, बत्तासे, झेंडूच्या पाकळ्या आणि मोठी बोरं. बोरं खायची ती घरी, आईनं बी काढून दिल्यावर. दोघी-तिघी नाराज झाल्या. "हलव्याशिवाय कसलं बोरन्हाण?" त्यांचं मन मला कळतं. माझ्या सासूबाई अजून घरी हलवा करतात. मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं, असं दोन-तीन दिवस चालतं. हवा थंड, कोरडी असली तर काटा सुरेख येतो, ढग आले की रुसतो. इतक्या कष्टाची वस्तू रडणाऱ्या मुलाच्या गळ्यात कशाला? त्यापेक्षा ती बघायला द्यावी. परवा मी एक वाटी हलवा आणि भिंग घेऊन गेले, एका वेळी दोघांनाच जवळ बसवलं. एक मुलगी भिंगातून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "ह्याला दात आल्यात!"

काळ्या कपड्यांचंही तसंच केलं. अंगणात कोवळ्या उन्हात एक काळं आणि एक पांढरं फडकं पसरून ठेवलं. थोड्या वेळानं प्रत्येकानं दोन्हींवर हात ठेवला. "ह्यो गरम हाय, ह्यो न्हाई." संक्रांतीला काळं का घालतात ते त्यांच्या तळहातांना कळलं, मला काही सांगावं लागलं नाही.

आज पाच-पाच जणांना पाटावर बसवलं. ओतायचं कामही मुलांकडंच दिलं. एक लहानगी मात्र माझ्या पदराआड लपली होती, अंगावर काही पडलेलं तिला खपत नाही. तिला बसवायचा आग्रह केला नाही, हातात बुट्टी दिली. तिनं एकेक पाकळी उचलून मित्राच्या डोक्यावर ठेवली, ओतली नाहीच. त्याला गुदगुल्या होत होत्या, तरी तो हलला नाही.

मग मावशी झाडू घेऊन आल्या, आणि मी त्यांना थांबवलं. कारण मुलं आपणहून खाली बसली होती. कुणी बोरं वेचत होतं, कुणी बत्तासे. मी तीन बुट्ट्या मध्ये सरकवल्या आणि बाजूला झाले. पंचवीस मिनिटं कुणी उठलं नाही. लाल बोरं, हिरवी बोरं, फुटका बत्तासा, अख्खा बत्तासा, असे वाद घालत निवडणं चाललं होतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी आजूबाजूच्या बिया, पानं, खडे हीच शिकायची साधनं केली, हे प्रशिक्षणात पाठ केलं होतं. आज ते फरशीवर डोळ्यांसमोर चाललं होतं. माझ्या आठवड्याच्या नियोजनात हा खेळ कुठंच नव्हता. पुढच्या वर्षी बोरन्हाण दहा मिनिटांचं ठेवणार आणि वेचायला अख्खी सकाळ देणार.

तुडवलेल्या चुरमुऱ्यांचं काय करायचं, हे कुणालाच ठरवता येईना. तेव्हा त्याच लहानगीनं चौथी बुट्टी मागितली. "ही मुंग्यांची," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी धरून ती बाहेरच्या पायरीशी नेऊन ठेवली. सोमवारी आल्याआल्या ती आधी तिकडंच जाणार. मावशींना सांगून ठेवलंय, बुट्टी उचलू नका.