तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे ट्यूलिप लागतील का?

एप्रिलमध्ये बाल्कनीतल्या ट्यूलिपचा फोटो स्टेटसला टाकला की दोन दिवसांत मेसेज सुरू, आत्यापासून शाळेतल्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांचं एकच, "अगं येताना चार कंद घेऊन ये ना, आमच्याकडे लागतील का?" मी राहते नेदरलँड्समध्ये, आम्स्टेलवीनला, माहेर निफाड तालुक्यातलं, दोन्हीकडची हवा चांगली माहितीये, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पहिलं म्हणजे मी कंद आणणार नाहीये, रागावू नका. शिफॉल विमानतळावर पिशव्याच्या पिशव्या विकायला असतात हे खरंय, पण लागवडीचे कंद भारतात न्यायचे तर आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कंदाला रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) लागतं, चार कंदांसाठी कोण करत बसणार ते. सीझनला तिकडे ऑनलाइन मिळतात, तेच घ्या, हाताला घट्ट आणि जड लागले पाहिजेत.

आता लागतात का? लागतात. एकदा.

हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावताना खूप हसलो आम्ही. अण्णांनी आयुष्यभर कांदा केला. मी म्हटलं, याला बारा ते सोळा आठवडे चांगली थंडी लागते, दहा डिग्रीच्या खाली, तेव्हा कुठे दांडा नीट वर येतो. ते म्हणाले, "म्हणजे डेंगळंच की गं ते!" कांद्याला थंडी जास्त झाली की डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, फुटतात, माल वाया जातो, शेतकरी कपाळाला हात लावतो, आणि त्यांची मुलगी तेच पैसे मोजून विकत आणते. अर्थात उदाहरण पूर्ण जुळत नाही. कांद्यात थंडीनेच फूल धरतं, ट्यूलिपचं फूल मात्र उन्हाळ्यातच कंदाच्या आत तयार झालेलं असतं (लावायच्या वेळी एखादा उभा चिरून बघा, मधोमध इवलीशी कळी दिसते), थंडी हवी असते ती दांडा लांबायला. ती कमी पडली की फूल पानांतच बुटकं बसून राहतं. मुळात हे फूल मध्य आशियातल्या डोंगरातलं, कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा ही त्याची सवय, हॉलंडमध्येसुद्धा पाहुणंच, लायडनच्या बागेत क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लावलं ते सोळाव्या शतकाच्या शेवटी.

मग नाशिकसाईडला ही थंडी द्यायची कुठे, तर फ्रिजमध्ये. आईने ऑक्टोबरात दहा कंद कागदी पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवले, चार-पाच डिग्रीला, जानेवारीत कुंडीत लावले, पानं आली झकास आणि फूल एकही नाही, कळ्या आतल्या आत वाळून गेलेल्या. फोनवर अर्धा तास चौकशी केल्यावर कळलं की त्याच कप्प्यात सफरचंदं होती! पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो आतल्या कळीला मारतो. पुढच्या वर्षी फळं बाहेर, कुंडी सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशा जागी, आणि दहातली सहा फुलं आली. चार-पाच दिवस टिकली, पण आईने अख्ख्या गल्लीला दाखवली.

माझं इथलं काम त्यापेक्षा सोपं, कारण थंडी फुकट आहे. नोव्हेंबरमध्ये लावते, टोक वर, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, कुंडीत अगदी शेजारी शेजारी. पाणी साचलं की कुजतात एवढंच सांभाळायचं. हातमोजे घाला, कंदाच्या रसाने बोटं खाजतात.

"दरवर्षी येतात ना मग?" हा पुढचा प्रश्न. इथेही भरवसा नाही हो. फूल देताना जुना कंद संपतो, त्याच्या जागी पिल्लं होतात आणि ती फुलायला एखाद-दोन वर्षं घेतात. डार्विन हायब्रिड नावाच्या प्रकारातले त्यातल्या त्यात परत येतात. केउकेनहॉफ बागेत तर दर शरद ऋतूत जवळपास ७० लाख कंद नव्याने लावतात. भारतातल्या फ्रिजवाल्या कंदाला पुढच्या वर्षी काय ताकद उरणार, टाकून द्या, जीव लावू नका.

इथे मात्र पुढच्या वर्षाची आशा असेल तर पाकळ्या गळल्या की फक्त बोंड खुडायचं, पानं पिवळी पडेपर्यंत हात लावायचा नाही. दीड महिना कुंडी भिकार दिसते, दिसू दे. अण्णा आले होते तेव्हा लिसेजवळच्या शेतात मशीन फुलांची मुंडकी उडवत चाललं होतं, बांधाला लाल-पिवळे ढीग, टुरिस्ट लोक हळहळतायत, आणि अण्णा एकटेच मान डोलावत म्हणाले, "बरोबर आहे, कांदा पोसायचाय त्यांना." मग शेतकऱ्याला एकरी किती निघतो ते विचार म्हणून माझ्या मागे लागले, आणि माझं डच तेवढं नाही.