भोपळा धरतो तो सकाळच्या पहिल्या उन्हात

"वेल गच्चीभर पसरलाय, रोज पिवळीधमक फुलं येतात, पण भोपळा एकही धरत नाही. कुठलं खत घालू?" पावसाळ्यात हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्याकडे, अगदी नात्यातल्या लग्नातसुद्धा विचारला जातो. मी खताचं नाव सांगत नाही. उद्या सकाळी साडेसहाला वर जा आणि फुलांच्या मागे बघा, एवढंच सांगते.

लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. सुरुवातीला येतात ती बहुतेक सगळी नर. लांब, सडपातळ देठावर ताठ उभी असतात, पहाटे उमलतात, ऊन चढलं की मिटतात आणि एकदोन दिवसांत गळतात. ती गळणारच, त्यांचं काम तेवढंच. असे आठ-पंधरा दिवस गेले की मग कुठे मादी कळी दिसते. तिचा देठ आखूड असतो आणि पाकळ्यांच्या खाली इवलासा हिरवा भोपळा आधीपासूनच असतो. माझ्या सासूबाई सासवडकडच्या. त्या या फुलाला लेकुरवाळं फूल म्हणतात. संध्याकाळी पाणी घालताना कळीचं टोक हिरव्याचं केशरी व्हायला लागलेलं दिसलं की मला सांगतात, "अगं, उद्या लवकर वर ये, लेकुरवाळं उमलतंय." त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

सकाळी करायचं ते असं. नुकतंच उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं आणि त्याच्या पाकळ्या सोलून टाकायच्या. मधे उरतो तो दांडा. त्याला बोट लावलं की पिवळेजर्द पराग बोटाला चिकटून येतात. हे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्यानं उडत नाहीत. त्यामुळे गच्चीवर वारा कितीही असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. मादी फुलाच्या मधोमध जाडसर, दुभंगलेल्या तीन पाळ्या दिसतात. तो दांडा या पाळ्यांवर हलक्या हातानं सगळीकडून फिरवायचा. एकाच बाजूला पराग लागले तर फळ वेडंवाकडं वाढतं, म्हणून मी एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरते. नऊच्या पुढे हे करण्यात फारसा अर्थ नाही. फूल मिटायला लागतं आणि परागातला जोमही जातो. जमलं असेल तर तीन-चार दिवसांत देठ खाली झुकतो आणि फळ टरारायला लागतं. नसेल जमलं तर ते पिवळं पडून सुकतं. मग पुढच्या कळीची वाट बघायची.

खरं तर हे काम मधमाश्यांचं. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला आणि तिकडे फक्त लाल भोपळ्याच्या गटातल्या फुलांचे पराग गोळा करणाऱ्या खास माश्या आहेत. पहाटे फूल उमललं की त्या हजर. आपल्याकडे त्या नाहीत. इथे सातेरी, फुलोरी, आग्या या आपल्याकडच्या मधमाश्यांवर भिस्त. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आपल्या पुण्यात, गणेशखिंड रस्त्यावर आहे. त्याच शहरात सोसायटीत पोळं दिसलं रे दिसलं की औषध मारून ते पाडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या गच्चीवर तुळशीच्या मंजिऱ्या मी खुडत नाही, कडेनं झेंडूही लावते. त्यामुळे माश्या येतात. पण सलग झडीच्या दिवसांत त्या बाहेरच पडत नाहीत आणि नेमकी तेव्हाच मादी फुलं भरात असतात. जुलै-ऑगस्टमधला पुण्याचा पाऊस रात्रभर भुरभुरतो, फुलात पाणी साचतं आणि पराग भिजून वाया जातात. म्हणून उद्या उमलणाऱ्या कळ्यांवर, एक मादी आणि दोन नर, मी संध्याकाळीच कागदी पिशवी घालून सैल दोरा बांधते. मादी फुलावर परागीकरणानंतर पुन्हा दिवसभर पिशवी ठेवली तर बीही शुद्ध मिळतं. शेजारच्या दुधीमुळे भोपळा बिघडतो असं बरेच जण म्हणतात. तसं होत नाही, त्यांचा संकर होत नाही. मात्र घरचा भोपळा कधी कडूजहर लागलाच तर तो भाजीत ढकलू नका, सरळ टाकून द्या. त्या कडूपणानं पोट बिघडतं.

आता खताचं. शेणखत, पालापाचोळा आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरलेला तीन फूट लांब-रुंद, फूटभर खोल विटांचा वाफा असेल तर वेलाला वरचं फारसं लागत नाही. युरिया तर नकोच. नत्र जास्त झालं की पानं परातीएवढी होतात आणि मादी फुलं मागे पडतात. वेल पाच-सहा फुटांचा झाला की मी शेंडा खुडते. बगलफांद्या फुटतात आणि मादी फुलं त्यांवर जास्त येतात. खुडलेले कोवळे शेंडे लसणाच्या फोडणीवर परतायचे, फार छान भाजी होते.

पानांवर पांढरे डाग दिसले की लोक घाबरून फवारणी सुरू करतात. जरा थांबा, पानावर बोट घासून बघा. भोपळ्याच्या बऱ्याच जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात रुपेरी ठिपके जन्मजातच असतात, ते पुसले जात नाहीत. पीठ बोटाला लागलं तर मात्र ती भुरी, म्हणजे पानांवरची बुरशी. पाऊस ओसरून दिवसा ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला की ती येते. तेव्हा खालची रोगट पानं काढायची आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं सकाळी फवारायचं. रोप दोन पानांचं असताना तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात. भल्या सकाळी ते सुस्त असतात, हातानं वेचता येतात. फळमाशीसाठी लिंबाएवढ्या फळाला जुन्या मलमलीची पिशवी. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. मातीत बोट घालून ओल बघा. ती असेल तर संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात.

धरलेल्या भोपळ्याखाली गोणपाट नाहीतर नारळाच्या शेंड्या ठेवायच्या, गच्चीची तापलेली फरशी त्याला लागू द्यायची नाही. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की काढायचा, तोही दोन-तीन इंच देठ ठेवून कात्रीनं. देठ धरून उचलू नका. देठ शाबूत असेल तर भोपळा सावलीत, हवेशीर जागी महिनोनमहिने टिकतो. देठ मोडला असेल तर तो आधी चिरा. आमच्याकडे अशा भोपळ्याचे लगेच घारगे होतात आणि उरलेल्या फोडीचं दह्यातलं भरीत.